बिनगाठीचा टाका

रिबकामावशी, तुझी ट्रंक माझ्याकडे आली आहे. कुणी आणून दिली नाही, मीच गुरुवारी रिक्षात घालून आणली आणि दिवाणाखाली सरकवली. निळा रंग उडालेली, एका कडीला सुतळी बांधलेली. आपलं सगळं मंडळ त्या ट्रंकेत आहे. पत्त्यांची वही, प्रार्थनेची तीन पुस्तकं, रबरी शिक्का, मांजरपाटाचं अर्धं ठाण, दोन सुया, पांढऱ्या दोऱ्याची रिळं. कफन मात्र एकही नाही. शेवटचं होतं ते तू घालून गेलीस.

आज रविवार, तुला जाऊन दहावा दिवस. गल्लीतल्या बायका विचारतात, दहावं कुठं घालणार, कावळ्याला काय ठेवणार? मी सांगते, आमच्यात नसतं. मग तुमच्यात काय असतं? आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं असतं, तेही रक्ताच्या नात्यानं. तुझं रक्ताचं कुणी उरलं नव्हतं. तू माझ्या आईची मैत्रीण, एवढंच आपलं नातं. पण मला अडवायला तरी कोण होतं? बसले सात दिवस तुझ्या घरात चटईवर, भिंतीला टेकून, आणि सातही दिवस तुझ्याशी भांडले. तू गप्प होतीस म्हणून जिंकले असं नाही. तू असताना गप्प बसलीस तरी मी हरायचेच.

कोल्हापुरात ज्यू राहतात हे कोल्हापूरच्याच माणसाला पटवून द्यावं लागतं. माझ्या विम्याच्या ऑफिसात नवा माणूस आला की ठरलेले प्रश्न. ख्रिश्चन का? नाही. मग मुसलमान? नाही. मग मी आपली कोकणच्या किनाऱ्यावर कधीकाळी फुटलेल्या पूर्वजांच्या गलबतापासून सुरुवात करायची आणि समोरच्याचा चहा निवायचा. तुझं उत्तर सोपं होतं. "पावणं मूळचं कुठलं?" "हातकणंगल्याचं. आमचा बा टेशनात हुता." विषय संपला. पुढं कुणी विचारलंच तर म्हणायचीस, "शनवारी चूल पेटवत न्हाय आमी, बाकी सगळं तुमच्यावानीच." मला राग यायचा. एवढ्या मोठ्या इतिहासाची तू चुलीवर बोळवण करतेस, म्हणायचे मी. तू म्हणायचीस, इतिहास ऐकायला येळ कुणाला हाय, माणसाला चूल कळती.

मंडळही तसंच. तुमच्या पिढीतल्या चार बायकांनी ते काढलं. शिक्क्यावर त्याचं लांबलचक नाव आहे, पण ते कुणी कधी घेतलं नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, गडहिंग्लज, नेसरी अशी आपली घरं विखुरलेली. ना सिनेगॉग, ना प्रार्थना सांगायला कुणी हझान. कुणाचं बाळंतपण, कुणाचा म्हातारा एकटा पडलेला, कुणाच्या मुलीला स्थळ हवं, सगळं मंडळाकडे यायचं, म्हणजे तुझ्याकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आपले सण नसतात, म्हणून मुंबईहून तारखा मागवून घरोघरी पोस्टकार्डं टाकायची. माझं अक्षर बरं, म्हणून नोकरीला लागल्या लागल्या तू मला त्या कामाला जुंपलंस. बरीच वर्षं मला वाटत होतं की मंडळ म्हणजे पोस्टकार्डं.

नेसरीची खेप आठवते? नव्वदीच्या सुरुवातीची. वल्हांडणाच्या आधीचा आठवडा, मुंबईहून मात्सांचं खोकं आलेलं. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, पूर्वज पीठ फुगायची वाट न बघता निघाले, त्याच्या आठवणीच्या बिनखमिराच्या त्या पातळ, करकरीत भाकऱ्या. नेसरीत आपलं एकच घर, गुरांच्या डॉक्टरांचं, आणि त्या घरात त्यांची आई राहेलआजी, डोळ्यांनी अधू. एसटीत तू खोकं मांडीवरून खाली ठेवेनास. कंडक्टर म्हणाला, "काय हाय वो मावशी त्यात, येवढं जपताय?"

"भाकरी."

"भाकरी? नेसरीत काय दुष्काळ पडलाय व्हय?"

"तितं भाकरी हाय. ही न्हाय."

त्याला राहवेना. तू खोकं उघडून एक तुकडा त्याच्या हातावर ठेवलास. त्यानं चावला, थांबला, पुन्हा चावला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, मीठ इसरलाय की!" गाडी हसली. तू शांतपणे म्हणालीस, "इसरलो न्हाय. घाई हुती. मिसरातनं घाईत निघालतो." त्यानं विचारलं, मिसर कुठल्या तालुक्यात आलं? तू म्हणालीस, "लांब हाय."

राहेलआजीनं खोकं हातानं चाचपलं, नाकाशी धरलं आणि माझा हात घट्ट पकडून म्हणाली, "म्हंजे अजून हायत सगळी." तिला मात्सांपेक्षा तेवढंच हवं होतं. परतीच्या गाडीत मी तुला तसं म्हणाले, तर तू खिडकीला डोकं टेकून केव्हाच घोरायला लागली होतीस.

त्याच वर्षी तू मला कफन शिवायला बसवलंस. आपल्यात कफन कुणासाठी म्हणून शिवत नाहीत. एक वापरलं की दुसरं शिवून ट्रंकेत ठेवायचं, म्हणजे कुणाच्याही घरी ऐनवेळी दुकान शोधत फिरायची पाळी येऊ नये. सदरा, विजार, टोपी, चादर, सगळं पांढरं, सगळं हातशिलाईचं. आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. मी गाठ मारली. जी बाई शाळेत शिवण शिकलीय तिचा हात आपोआपच गाठ मारतो. तू कापड माझ्या हातातून घेतलंस, सुईच्या टोकानं गाठ सोडवलीस आणि म्हणालीस, "गाठ न्हाय मारायची, मिल्के. माणूस सुटलं पायजे." मी विचारलं, मग दोरा निघून नाही का येणार? तू म्हणालीस, "हिकडं बघ." तू पहिला टाका घातलास, मग काहीतरी उलटं केलंस, बोटानं दाबलंस, आणि दोरा बसला. मी बघत होते असं मला वाटत होतं. खरं म्हणजे माझं लक्ष त्या विजारीकडे होतं. एवढ्या बारक्या मापाची विजार कुणाला होईल, हाच विचार करत होते. त्यानंतर दर वेळी मी गाठ मारायची आणि तू सोडवायचीस. शेवटी तू मला फक्त चादरीच्या कडा दुमडायला देऊ लागलीस.

मग आई गेली.

तू मिरजेच्या जेरुशामावशीला घेऊन आलीस. बाईच्या मयताला आपल्याच बायकांनी अंघोळ घालायची, आणि शेवटचं पाणी डोक्यापासून पायापर्यंत सलग सोडायचं, मध्ये धार तुटू द्यायची नाही. एका कळशीत तेवढं पाणी मावत नाही, म्हणून दोघी लागतात. एकीची कळशी संपत आली की दुसरीनं आपली धार वरून चालू करायची. तू आणि जेरुशामावशी हे न बोलता करायच्यात. आमच्या मागच्या खोलीचं दार अर्धं लावून तू मला म्हणालीस, "मिल्के, ये आत. आई हाय तुजी." मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पाय उचललाच गेला नाही, मावशी. तू दोन क्षण वाट बघितलीस, मग दार लावलंस. मी बाहेरून पाण्याचा आवाज ऐकला. तो मध्ये कुठेही थांबला नाही.

त्या दाराबद्दल तू मला कधी एका शब्दानं टोचलं नाहीस, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. प्रत्येक मयताच्या वेळी तेवढं विचारायचीस, "येतीस?" मी म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. मग ऑफिसात ऑडिट असायचं, नाहीतर मला ताप यायचा. खरोखर यायचा, हवं तर थर्मामीटर दाखवते. तू दवाखान्यात जन्मभर नर्स होतीस, तुला बरं जमतं, असं मी एकदा चिडून म्हणाले. तू म्हणालीस, "तितं पगार हुता म्हणून जमत हुतं. हितं का जमतंय ते मला बी म्हाईत न्हाय."

आपलं खरं भांडण मात्र निराळंच होतं. ते पंधरा वर्षं चाललं आणि तसंच राहिलं.

एकेक घर इस्रायलला जायला लागलं, आणि त्यांना पाठवत कोण होतं? तू. फॉर्म तू भरून घ्यायचीस. कुणाच्या आजोबांचा लग्नाचा करार कुठल्या पेटीत आहे, कुणाचा जन्माचा दाखला कुठल्या ग्रामपंचायतीत मिळेल, सगळं तुला ठाऊक. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांच्यासाठी, हे आपलेच म्हणून, मंडळाच्या शिक्क्याचं पत्र, तेही माझ्या अक्षरात. मग निघायच्या आधी मलिदा. पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, आणि एलियाहू नबीला मागणं की यांचा प्रवास सुखरूप होवो. अख्खी गल्ली तो मलिदा खायला यायची. मीही खायचे, पण रागानं.

"मावशी, तू सगळ्यांना जोडून ठेवायला मंडळ काढलंस की घालवून द्यायला?"

"ज्याला जायाचं हाय त्याला अडवायचं न्हाय. मंडळ म्हंजे काय कोंडवाडा हाय व्हय?"

"मग इथं कोण उरणार?"

"तू हाईस की."

दर वेळी हेच. तू हाईस की. जसं काही मी ठरवून राहिले होते! आधी आईमुळे राहिले, मग नोकरीमुळे, मग सवयीमुळे. तुला ते ठाऊक होतं. तरी तू मला असं म्हणायचीस की जणू मी फार मोठं काहीतरी सांभाळते आहे.

मागच्या वर्षी जेरुशामावशीचा मुलगा तिला न्यायला आला, तेव्हा मात्र माझा तोल सुटला. वही काढून तुझ्यासमोर आपटली. पानंच्या पानं रेघा मारलेले पत्ते. म्हणाले, हिला पाठवलीस तर दुसरी कळशी कोण धरणार, सांग मला. तू चष्मा काढून पुसलास आणि म्हणालीस, "तू."

मी म्हणाले, मला नाही जमणार. मला ते कधीच जमणार नाही, आणि तू मला ते विचारूही नकोस.

"मग नगं," म्हणालीस. फक्त एवढंच. दुसऱ्या दिवशी जेरुशामावशीच्या मलिद्याला पोहे भिजवायला मला नेहमीसारखी हाक मारलीस, आणि मी गेले. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. मला वाटलं, तू सोडून दिलंस. आता वाटतं, तू वाट बघत होतीस. नक्की काय ते मला कळायचा मार्ग आता राहिला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सुशीलाचा ऑफिसात फोन आला. सुशीला म्हणजे तुझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, शाळेत शिपाई. शेवटचा महिनाभर तुझं सगळं तिनंच केलं. मी ऑफिस सुटल्यावर यायचे, सफरचंद चिरायचे आणि जायचे. अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं तिच्याकडे. ती तुला आक्का म्हणायची. फोनवर म्हणाली, "बाई, आक्का गेली. पेज भरवत हुतो, दोन चमचं घेतलं अन् मान टाकली."

मी रिक्षात बसले आणि पहिला विचार काय आला सांगू? आज शुक्रवार. सूर्य बुडाला की शनिवारचा शब्बाथ लागणार, मग मातीही देता येणार नाही. म्हणजे सूर्यास्ताच्या आत, नाहीतर थेट रविवारी. थंडीचे दिवस, सहाला अंधार. तू मेल्याचं दुःख मला आधी झालंच नाही. मला आधी घड्याळ दिसलं. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तुझ्या घरून मी फोन लावत सुटले. वहीतल्या बिनरेघेच्या पत्त्यांवर. बेळगावच्या बाई दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. मंडळाच्या वहीला तेही कळलं नव्हतं, पोस्टकार्डं जातच होती. इचलकरंजीच्या सूनबाईंना नववा महिना, त्यांना कसं बोलवू? मुंबईहून संध्याकाळच्या आत कुणी पोचणं शक्यच नव्हतं. पुण्याची फ्लोरा, जेरुशामावशीची भाची, तिला हे सगळं येतं. ती म्हणाली, मी गाडी करून निघते, चारपर्यंत येते, तोवर काही करू नकोस.

पुरुष बाहेर जमत होते, त्यांचं ते बघत होते. प्रार्थनेला दहा पुरुष व्हायला हवेत, सातच झाले. मी आतल्या खोलीत फळी धुतली, दोन्ही कळशा घासल्या, पाणी कोमट केलं. चार वाजले. फ्लोराचा फोन, हायवेला ट्रक आडवा पडलाय, गाड्या हलत नाहीत. सव्वाचार. पाणी निवलं, पुन्हा तापवलं. साडेचार. बाहेरून कुणीतरी खाकरलं आणि म्हणालं, "बाई, उरकाय पायजे. तितं पोचायलाच अर्धा तास हाय."

सुशीला दाराशी उभी होती. म्हणाली, "बाई, मी हाय. काय करायचं तेवढं सांगा."

मी गप्प राहिले.

मला तुझा नियम आठवत होता, मावशी. आपल्या बायकांनीच. तुझ्या दवाखान्यातली जिवाभावाची मैत्रीण एकदा मदतीला आली होती, तिला तू दारातून परत पाठवलंस. तिचे हात धरलेस, पाया पडलीस, पण परत पाठवलंस. मी ते बघितलं होतं. म्हणून मी तिला आत ये म्हणेना. किती वेळ, मला माहीत नाही. पण तेवढ्यात सुशीलाचा चेहरा बदलला. तिनं पदर सारखा केला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "माजा हात चालंल न्हवं?"

हे वाक्य तिच्या आजीनं कुठल्या दारात उच्चारलं असेल, आणि कुठल्या दारात काय उत्तर आलं असेल, ते मला सांगायला नको. बाबासाहेबांचा फोटो तिच्या घरात दर्शनी आहे. तो मी रोज येता-जाता बघते. महिनाभर तिनं तुझं मलमूत्र काढलं. आणि आज तिला माझ्या तोंडाकडे बघून हे विचारावं लागलं. मला ओरडून सांगायचं होतं की हे तसं नाही, सुशीला, हे निराळं आहे. पण निराळं म्हणजे कसं, ते मला एका वाक्यात सांगता येईना. दहा वाक्यांतही आलं नसतं. दारात उभं करून ठेवलेल्या माणसाला तिथून सगळं सारखंच दिसतं.

मी तिचा हात धरून तिला आत घेतलं आणि दार लावलं.

आत आले मी, मावशी. आले. तू किती हलकी झाली होतीस! खांद्यावर तुझा जुना भाजल्याचा डाग होता, तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मला वाटलं होतं मला किळस येईल, भीती वाटेल. काहीच वाटलं नाही. फक्त तुझ्या अंगाला पाणी गार लागू नये एवढंच वाटत होतं, आणि ते वाटून काय उपयोग होता? सुशीलानं तुझे केस मोकळे केले, नखं साफ केली, तुझ्याशी बोलत होती, "आक्का, हात दे बगू, आता हिकडं वळ." मी पुस्तक उघडून प्रार्थना म्हणत होते आणि ओळी चुकत होते.

मग धार. मी सुशीलाला सांगितलं, माझी कळशी संपायच्या आधी तू सुरू कर. मध्ये खंड पडता कामा नये. तिनं मान हलवली. मी डोक्यापासून सुरुवात केली. कमरेपर्यंत आले आणि कळशी हलकी झाली. मला वाटतं सुशीलानं वेळेवर सोडलं. मला वाटतं. डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसलं नाही. एक क्षण आवाज थांबल्यासारखा वाटला. तो थांबला, की मलाच तसं वाटलं? आईच्या वेळी मी बाहेर होते तरी तो आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, आणि तुझ्या वेळी कळशी हातात धरून मला काही कळलं नाही. सुशीलाला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "न्हाय वो बाई, सरळ पडलं पाणी." ती माझ्यासाठी तसं म्हणाली असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही तुला कफन घातलं. तूच शिवलेलं, म्हणून त्याला कुठे गाठ नव्हती. तुला बाहेर नेलं आणि अंगणात ठेवलं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. फ्लोरा. पाच वाजून पाच मिनिटं. साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. अडकलेली गाडी सोडून ती चालत पुढे आली होती आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून पोचली होती. तिनं तुला बघितलं, मग मला विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

मी म्हणाले, मी आणि सुशीलानं.

ती सुशीलाकडे बघत राहिली. वाईट बाई नाही ती. तिनं सुशीलाचे हात हातात घेतले. मग माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "मिल्का, अर्धा तास थांबली असतीस तर." आणि रडायला लागली.

थांबले असते तर झालं असतं का? धावपळ करून कदाचित झालं असतं. कदाचित तू खड्ड्यापाशी असताना सूर्य बुडाला असता. ती अर्ध्या तासात येणार आहे हे मला तिथून कोण सांगणार होतं? हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं. पटतं. तरी फ्लोराचं ते वाक्य जात नाही. जिल्ह्यातल्या एकूणएक बाईला तू नियमाप्रमाणे पोचवलंस, पावसापाण्याचं, एसटीनं, सायकलवर मागे बसून, एकदा तर ताक नेणाऱ्या टेम्पोतून. आणि तुझ्या एकटीच्या वेळी मंडळाकडे एक मी होते, जी कधी आत गेली नव्हती. तुला कुठं बरं वाटलं का, कुठं रागावलीस का? तू असतीस तर सुशीलाला आत घेतलं असतंस का, की तिचे हात धरून परत पाठवलं असतंस? तू काहीही म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं. शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं.

गुरुवारी सात दिवस झाले. ट्रंक उचलायला सुशीला आली. रिक्षात आमच्या दोघींच्या मध्ये ट्रंक, आणि तिच्या मांडीवर सातव्या दिवसाच्या मलिद्याची परात. शाहूपुरीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिनं विचारलं. ती सरळच विचारते, तुझ्यासारखी.

"बाई, राग मानू नगा. तुमच्या येळंला कोण?"

मी म्हणाले, बघू.

"बघू काय? मी हाय की. आता मला समदं म्हाईत झालंय." मग परातीवर बोटानं टिचक्या मारत म्हणाली, "पर दोघी लागत्यात न्हवं? येकटीच्यानं धार तुटंल."

सिग्नल सुटला. घरी आल्यावर तिनं चहा केला, ट्रंकेची सुतळी नव्यानं बांधून दिली आणि गेली.

तर आज रविवार. सकाळी ट्रंक उघडली आणि मांजरपाट काढला. एक वापरलं की दुसरं शिवून ठेवायचं, हा तुझा नियम मला पाळता येण्यासारखा एकच उरला आहे. कुणासाठी म्हणून शिवायचं नसतं, हेही ठाऊक आहे. पण कोल्हापुरात आता आपली बाई एकच आहे, मावशी, तेव्हा माप घ्यायला मला लांब जावं लागलं नाही. तुझा जुना कागदी नमुना ट्रंकेत होता, तो ठेवून कापड बेतलं. चांगलं बेतलं गेलं. खिडकीत उजेडाला बसले, सुई ओवली, गाठ मारली नाही. हात गाठीकडे वळला होता, पण आवरला.

पहिला टाका घातला, दोरा ओढला, आणि सगळा दोरा कापडातून निघून हातात आला. पुन्हा घातला. पुन्हा आला. तू काहीतरी उलटं करायचीस, मग बोटानं दाबायचीस. मी उलटं करून बघते आहे, दाबून बघते आहे. "हिकडं बघ," म्हणाली होतीस तू, आणि मी विजारीकडे बघत होते. दुपार होत आली. दोरा येतोच आहे निघून.